अटकेची नोंद आणि आपला हक्क



घरातील मुलास पोलिसांनी नेले, की आपण प्रथम अब्रूची चिंता करतो आणि वशिला शोधू लागतो. त्या धावपळीत मोलाचे तास वाया जातात. वस्तुतः कायदा आपल्या बाजूस उभा आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ अन्वये अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावावे लागते. कलम ४८ प्रमाणे अटकेची वार्ता नातलगास कळविणे आणि कोणास कळविली हे ठाण्याच्या वहीत नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार, जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अर्जास ४८ तासांत उत्तर मिळाले पाहिजे.

म्हणून अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी. आणि शेजारच्या घरावर असा प्रसंग आला, तर कुजबुज न करता अर्ज लिहून देण्यास जावे. ज्ञातिसंस्थेचे खरे कार्य तेच होय.