‘घरचा मामला’ आणि आपले कर्तव्य

(तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसदर, रोजगार हमी आणि पाणीवाटप यांच्या रांगेत माझा विषय आपणांस काहीसा परका वाटेल. समलिंगी अथवा पारलिंगी तरुण-तरुणींना ‘बरे’ करण्याच्या नावाखाली जे केले जाते आणि ज्याला कन्व्हर्जन थेरपी असे भारदस्त नाव मिळाले आहे, ते आपल्या कानावर आले तर कोठे आणि कसे कळवावे, एवढाच हा विषय आहे. पण आरंभी मला एक कबुली दिली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्या युवक शाखेतला एक मुलगा रात्री माझ्या घरी आला. एका मित्रावरील त्याचे प्रेम घरच्यांना कळले होते आणि त्याला ‘उपचारा’साठी एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवण्याचे ठरले होते. वास्तविक तो दारूला शिवतही नव्हता. मी त्याला सांगितले, ‘वडिलांशी शांतपणे बोल. हा घरचा मामला आहे.’ पुढे तीन महिने तो कोणालाच दिसला नाही. दिसला तेव्हा औषधांनी त्याची जीभ जड झाली होती. त्याने मला नमस्कार केला, पण माझ्या दारात तो पुन्हा कधी आला नाही. एखाद्या सावकाराने शेतमजुराला डांबले असते, तर आपण त्याच रात्री पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला असता. येथे डांबणारे हात आप्तांचे होते, एवढ्यावरून मी गप्प बसलो.

मुळात हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर स्पष्टच सांगतो की, समाजात रूढ असलेल्या नैतिक वा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे मदुराईहून पळून चेन्नईत आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले. पालकांच्या तक्रारींवरून पोलीस त्यांच्या मागे लागले होते. या विषयातील आपले अज्ञान न्यायमूर्तींनी मोकळेपणाने मान्य केले आणि ते स्वतः मानसतज्ज्ञाकडून समजून घेण्यास बसले. 7 जून 2021 च्या आदेशात त्यांनी असे ‘उपचार’ करण्यास मनाई केली आणि ते करणाऱ्या व्यावसायिकांवर परवाना काढून घेण्यापर्यंतची कारवाई करण्यास सांगितले. पुढे 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले की, हा प्रकार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होय. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना शिकण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

आता मुद्द्याची गोष्ट. कन्व्हर्जन थेरपी या नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्या दंडसंहितेत नाही. म्हणून अर्जात केवळ हा शब्द लिहून दिला, तर ठाणे अंमलदार तो बाजूला सारील. अर्जात कृत्ये लिहा. कोणाला, कोठे, कोणत्या तारखेपासून कोंडले आहे; मारहाण झाली काय; संमतीवाचून गोळ्या-इंजेक्शने दिली काय; फोन काढून घेतला काय. कोंडून ठेवणे आणि दुखापत करणे हे भारतीय न्याय संहितेतील गुन्हे आहेत. हद्दीची सबब सांगून पोलिसांना दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. कोणाला बेकायदा डांबले असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 अन्वये उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, झडतीचे वॉरंट काढू शकतात. तेथेही दाद न लागल्यास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा मार्ग आहे. अशा अर्जावर सुनावणी करताना समुपदेशनाच्या नावाखाली त्या व्यक्तीचा कल बदलण्याचा प्रयत्न होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये न्यायालयांनाच बजावले आहे.

डॉक्टर गुंतला असेल तर तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जावी. केंद्राची नोंदणी आहे की नाही, हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे विचारावे. माणसाला साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे या दोन्ही गोष्टींना कायद्याने बंदी आहे. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर 1098 हा क्रमांक आणि बालकल्याण समिती. आणि एखादा बाबा ‘अंगातली बाधा’ काढण्यासाठी दोरखंडाने बांधत, चाबकाने मारत किंवा मिरचीची धुरी देत असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हाताशी आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले आणि त्यांच्या हत्येनंतरच तो आला. तो कपाटात ठेवण्यासाठी नाही.

मात्र एक पथ्य कसोशीने पाळा. पीडित व्यक्ती प्रौढ असेल आणि तिच्याशी बोलणे शक्य असेल, तर तिच्या संमतीवाचून पाऊल टाकू नका. आपल्या उत्साहाने तिचे गुपित गावभर झाले, तर सुटका होऊनही तिला परतायला घर उरणार नाही. जीव धोक्यात असेल तर थांबू नका. पण तेव्हाही अर्जात कोंडल्याचे लिहा, प्रेमाचे लिहिण्याची गरज नाही. पत्रकबाजी करू नका, छायाचित्रे काढू नका. बाहेर आल्यावर ती कोठे राहील, याची तजवीज आधी करा.

काही साथी विचारतील, आपण कुटुंबे फोडायची काय? आईबाप बहुधा क्रूर नसतात. ते घाबरलेले असतात आणि त्यांच्या भीतीवर कोणीतरी दुकान मांडलेले असते. धोका नसेल तेथे अवश्य त्यांच्याजवळ बसा, त्यांना समजावा. पण कुलूप लावलेल्या खोलीबाहेर बसून समजूत घालत राहणे, याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही.

हा विषय परकाही नाही. 1934 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल रघुनाथराव कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला ते हरले, पण उभे राहिले.

त्या रात्री माझ्या दाराशी आलेल्या मुलाला मला आता काही सांगता येण्यासारखे नाही. तुमच्या दाराशी येणाऱ्याला मात्र आत घ्या, पाणी द्या, त्याचे म्हणणे कागदावर लिहून घ्या आणि त्याची संमती असेल तर त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जा.