संगणकांतील जिनसांची मुदत



औषधाची बाटली घेतांना तिजवरील तारीख पाहण्याची आपणां सर्वांना संवय आहे. मुदत उलटली म्हणून औषधाचा रंग बदलत नाहीं, वासही पालटत नाहीं. तरी सुज्ञ गृहस्थ तें पोटांत घेत नाहीं. संगणकांतील आज्ञावलींनाही अशीच मुदत असते. फरक इतकाच, कीं ती बाटलीवर छापलेली नसते. शोधून काढावी लागते.

१९९३ सालीं आयन मर्डॉक यांनीं आरंभिलेल्या 'डेबियन' या लिनक्स-वितरणाचें उदाहरण घेऊं. त्यांत हजारों पॅकेजें असतात. तीं बहुतेक अन्यत्र निरनिराळ्या लेखकांनीं रचलेलीं असतात; डेबियनचे स्वयंसेवक तीं जुळवून एक आवृत्ति प्रसिद्ध करतात, आणि मग तिच्यांत सहसा नवा बदल होऊं देत नाहींत. मूळ लेखक मात्र पुढें जात राहतो. एखादा दोष उघडकीस आला, तर तो आपल्या नव्या रचनेंत दुरुस्ती करतो; तीच दुरुस्ती जुनीच्या मापानें बेतून बसविण्याचें कष्टाचें काम डेबियनच्या मंडळींना करावें लागतें. हे कष्ट अनंत काळ कोण करणार? म्हणून सामान्यतः तीन वर्षें नियमित आणि आणखी दोन वर्षें दीर्घ मुदतीची व्यवस्था, अशी पांच वर्षांची मर्यादा ठरलेली आहे. डेबियन १० ही आवृत्ति ६ जुलै २०१९ रोजीं निघाली. ३० जून २०२४ रोजीं तिची ही मुदत संपली.

परंतु आवृत्तीची मुदत तीच तिच्यांतील प्रत्येक पॅकेजची मुदत, असें समजणें ही घोडचूक होय. २०१५ च्या डेबियन ८ मध्यें नोड.जेएस होतें, पण त्याच्या सुरक्षिततेचें काम पाहण्यास कोणी स्वयंसेवक नाहीं, असें प्रकाशनाच्या टिपणांत स्पष्ट लिहिलें होतें. टिपण न वाचणाऱ्यास याचा पत्ता लागणार कसा? शिवाय तारखा हलतातही. पायथन २ चा शेवट प्रथम २०१५ सालीं व्हावयाचा होता. २०१४ सालीं तो २०२० पर्यंत पुढें ढकलला गेला. उलट, सेंटओएस ८ ही २०२९ पर्यंत चालेल असें प्रसिद्ध असतां, ती २०२१ अखेर बंद होणार असें डिसेंबर २०२० मध्यें जाहीर झालें. जुन्या तारखेवर विसंबून ज्यांनीं बेत आंखले होते, त्यांना एका वर्षांत बिऱ्हाड हलवावें लागलें.

कोणी म्हणेल, 'यंत्र नीट चालतें आहे, तें कशाला हलवा?' जाळ्याला न जोडलेल्या यंत्रापुरतें हें म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. जोडलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. मुदतीनंतर सांपडलेला दोष सर्व जगाला ठाऊक होतो. कुलूप मोडकें आहे हें चोरांना कळतें, आणि लोहार मात्र गांव सोडून गेलेला असतो.

उपाय साधा आहे. 'डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट' हें पॅकेज बसविलें, म्हणजे 'चेक-सपोर्ट-स्टेटस' ही आज्ञा आधार संपलेल्या पॅकेजांची यादी देते. ती एका वहींत उतरावी. प्रत्येकापुढें तारीख आणि जबाबदार माणसाचें नांव लिहावें, व दर तीन महिन्यांनीं वही पुन्हा पाहावी. मुदतीच्या सहा महिने आधीं तयारीस लागावें. प्रथम सर्व कागदपत्रांची प्रत काढून ठेवावी, आणि एकेक आवृत्ति चढत जावें, मधली पायरी गाळूं नये.

विम्याचा हप्ता आपण विसरत नाहीं. ही वहीही त्याच कपाटांत ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.