ठासणीच्या बंदुकीचा नेम
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नवकथेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज ठासणीच्या बंदुकीविषयी बोलणार आहे. १८५७ च्या इतिहासात एन्फिल्ड रायफलीचे नाव आपण सर्वांनी वाचले आहे. चरबीच्या काडतुसांची हकिगत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या बंदुकीचा नेम कसा बसतो हे समजल्याशिवाय त्या हकिगतीचा उत्तरार्ध नीट उमगत नाही.

या विषयाशी माझा परिचय झाला तो आजोळी. खानापूरच्या रानाकडेला मामांचे शेत होते आणि पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. रानडुकरे बहुधा नुसत्या आवाजानेच पळत. उन्हाळ्यात मामा मातीच्या पोत्यावर बंदूक टेकवीत आणि समोरच्या दरडीवर चुन्याने केलेल्या खुणेवर बार टाकून पाहत. गोळी कधी डावीकडे जाई, कधी वर. मी उतावळेपणाने म्हणे, "मामा, दारू वाढवा आणि गोळीही बदला." ते म्हणत, "एका वेळी एकच बदलावे रे. दोन बदललीस, तर गुण कोणाचा ते कळायचे नाही." पुढे एन.सी.सी.च्या मुलांना नेमबाजी शिकविताना हेच वाक्य मी कितीदा तरी उच्चारले.

मामांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. अशा नळीत गोळी किंचित सैल असते. ती आतल्या आत आपटत पुढे जाते आणि शेवटी जिकडे आपटेल तसा तिचा मार्ग ठरतो. म्हणून एका मर्यादेपलीकडे नेमाचा इलाज चालत नाही. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. त्यांमुळे गोळी फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला तोल राखते. १८५३ च्या एन्फिल्डचा व्यास ०.५७७ इंच, खाचा तीन आणि फेरा ७८ इंचांत एक. नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी जेमतेम अर्धा फेरा घेऊन बाहेर पडे. तेवढ्याने नेमात केवढा फरक पडला! तिच्या मागच्या दर्शकावर नऊशे यार्डांपर्यंतच्या अंतराच्या खुणा होत्या.

आता नेम बसविण्याची रीत. बंदूक पोत्यावर टेकवावी, म्हणजे हाताचा कंप हिशेबात येत नाही. लक्ष्य प्रथम जवळ, पंचवीस यार्डांवर असावे. दारू नेहमी त्याच मापाने घ्यावी. गोळी दारूला टेकेपर्यंत सारख्याच जोराने ठासावी. त्यासाठी गजावर खूण करून ठेवावी. मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटण्याचे भय असते. बारागणिक नळी पुसावी, कारण साचलेली काजळी पुढच्या गोळीचा मार्ग बदलते. एका बारावरून निर्णय करू नये. तीन ते पाच गोळ्यांचा पुंजका पाहावा. तो विसकटलेला असेल, तर दोष दारूत, ठासण्यात किंवा आपल्यात शोधावा. पुंजका घट्ट असून एका अंगाला पडत असेल, तरच दर्शकाला हात लावावा. मागची खाच गोळी न्यायची त्या दिशेने सरकवावी, पुढची माशी उलट दिशेने. माशी घासून बुटकी केली की गोळी वर चढते. पण घासलेले लोखंड परत येत नाही, म्हणून कानस हलक्या हाताने चालवावी. खाच आणि माशी यांत तीस इंच अंतर असेल, तर पन्नास यार्डांवर गोळी एक इंच हलविण्यास इंचाचा साठावा भाग पुरतो.

हीच काजळी मऊ राहावी आणि गोळी सहज उतरावी, म्हणून एन्फिल्डच्या काडतुसाला वंगण लागे. ज्या वंगणाने शिपायांच्या धर्मभावना दुखावल्या, ते असे नेमाच्याच गरजेतून आलेले होते. ते कशाचे असावे, याविषयी सरकारने दाखविलेली बेफिकिरी महागात पडली.

उत्तरार्ध त्यानंतरचा. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी १८५८ चा निराळा नमुना निघाला. बाहेरून ती एन्फिल्डच दिसे. मात्र नळी आतून कोरून गुळगुळीत केलेली होती आणि अंतराच्या खुणांचा दर्शक जाऊन तेथे एक साधी स्थिर खाच आली होती. शिपायाने कितीही सराव केला, तरी त्याची गोळी आता माझ्या मामांच्या गोळीप्रमाणेच भरकटणार होती. बंदूक हातात राहिली, नेम मात्र काढून घेतला गेला. अविश्वासाचा एवढा स्पष्ट दस्तऐवज कागदावरही क्वचित सापडेल.

मामा आता नाहीत. त्यांचे दारू मोजण्याचे बांबूचे माप माझ्या टेबलावर आहे. माशी, गज, ठासणी, बार हे शब्द ज्यांच्या हाताला ठाऊक होते, ती माणसे आपल्या भागातून उठून चालली आहेत. सभासदांना माझी विनंती एवढीच, की घरातील वडीलधाऱ्यांकडून अशा जुन्या वस्तूंची नावे आणि रीत विचारून घ्यावी, दोन पाने लिहावीत आणि ती या ग्रंथालयात आणून द्यावीत. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या वास्तूत तेवढी जागा नक्कीच निघेल.