सरकारची उचल आणि आपला हिशेब



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत आणि पगारपत्रके वाचता वाचता. तेव्हा अर्थशास्त्राच्या व्याख्यानाची अपेक्षा आपण करू नये. मी फक्त हिशेबाविषयी बोलणार आहे.

कर्ज म्हणजे काय हे तेलगावच्या माणसाला शिकवावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एकाने उचलीतून बैलजोडी घेतली. दुसऱ्याने मागची उचल फेडायला नवी घेतली. रक्कम दोघांची सारखी, पण पहिल्याचे कर्ज कमावते आणि दुसऱ्याचे नुसते खाते. सरकारचेही असेच आहे. केंद्राने २००३ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, त्याचे सार एवढेच, की रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नातून भागवावा आणि कर्ज काढायचे ते मर्यादेत, टिकाऊ कामासाठी.

आम्ही संघटनेची माणसे बरीच वर्षे या विचाराकडे संशयाने पाहत आलो. त्याला कारणही होते. काटकसरीची कुऱ्हाड उगारली गेली की ती पहिल्यांदा रोजंदारीच्या माणसावर पडते. तरुणपणी मी एका रस्त्याच्या कामावर होतो. मार्च सरत आला, निधी परत जाईल म्हणून रात्रीचे दिवे लावून डांबर ओतले. पहिल्याच पावसात ते उखडले. पुढल्या वर्षी पैसा नाही म्हणून आमचे हजेरीचे दिवस कापले. उधळपट्टी आणि उपासमार या सख्ख्या बहिणी आहेत, हे मी त्या वर्षी शिकलो. पण एक चूक माझीही सांगतो. त्यानंतर कित्येक वर्षे मी मागण्यांच्या याद्या लिहिल्या, आणि पैसा कुठून येणार व कुठे गळतो, हा प्रश्न एकाही यादीत घातला नाही.

आता दारातलेच उदाहरण घेऊ. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. पुढे तो ४८०० कोटींवर गेला. बीडला गाडी आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि आपल्या बाजूने परळीकडे जाणारा तुकडा तेव्हाही राहिलाच होता. ही सगळी वाढ उधळपट्टी आहे असे मी म्हणणार नाही. तीस वर्षांत सिमेंट, लोखंड, मजुरी महागली. २०१३च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्याला वाढीव मोबदला मिळाला, तो त्याचा हक्कच होता. पण दरवर्षी थोडथोडी तरतूद करून काम लोंबकळत ठेवणे, हा कोणाच्या खिशात न जाताही होणारा अपव्यय आहे. चोर पकडता येतो. दिरंगाईला हातकडी घालता येत नाही. आणि त्या तीस वर्षांत आपली पोरे परगावी जायला फाट्यावर उभी राहिली, ते कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेले नाही.

मग खर्चच नको का? तसे मुळीच नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या कडेवर होतो. ती खडी फोडायला जाई. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या खर्चाने माणसे जगली. तो खर्च वाया गेला असे म्हणणाऱ्याने माझ्यासमोर यावे! पण फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी तसेच पडून राहिले, हेही खरे. त्याच श्रमातून तळी आणि बांध उभे राहिले तेथे पैसा दोनदा कामी आला.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला होता. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराच्या पगारातून बीडच्या मजुराची भाकरी निघाली. खर्च वाढवताना त्याची मिळकतही आधी दाखवणे, याला मी वित्तीय जबाबदारी म्हणतो. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. ज्याचे पैसे कापले जातात, त्याने हिशेब मागितला तर तो उद्धटपणा कसा?

हिशेबाची साधने आपल्या हातात आहेत. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात, लोकलेखा समिती ते तपासते. २००५चा माहिती अधिकार आहे. सर्वांत जवळची म्हणजे ग्रामसभा. तिथे तीनच प्रश्न विचारा. हे काम कोणाच्या गरजेचे? ते पुरे केव्हा होणार? आणि पाच वर्षांनी त्याची डागडुजी कोण करणार? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

हे मी आमच्या माणसांच्या सभेत बोललो तेव्हा एकजण ओरडला, "दादा, तुम्ही मालकाची भाषा बोलायला लागलात!" मी त्याला म्हटले, "बाबा रे, हिशेब ही मालकाची भाषा आहे असे आपण मानले, म्हणून तर आजवर मालकच हिशेब लिहीत आला." आपल्या राज्यात मालक आपण आहोत. तेव्हा वही आपल्या हातात असली पाहिजे.