मार्कंडेय पुराणातला रानचा योग

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते. या उत्तरवाहिनीच्या काठी मार्कंडेश्वराचा देऊळसमूह आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांच्या अहवालात या देवळांची नोंद केली. सोळाच वर्षांचे आयुष्य लाभलेल्या मार्कंडेयाने इथल्याच शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाचा फास हुकला, असे परंपरा सांगते. ऋषी इथला की दुसरीकडचा, हा श्रद्धेचा प्रश्न. त्याच्या नावाच्या पुराणात योगाबद्दल काय आहे, हा वाचनाचा. इथे पाहायचा तो हा दुसरा.

पुराणाची सुरुवातच मजेशीर आहे. जैमिनी शंका घेऊन मार्कंडेयाकडे येतो, तर ऋषी त्याला विंध्यातल्या चार पक्ष्यांकडे धाडतो. पुढचा बराच भाग या पाखरांच्या तोंडून येतो. त्यात राणी मदालसेची कथा आहे. तिने पहिल्या तीन मुलांना अंगाईतूनच आत्मज्ञान पाजले. तिघेही विरक्त झाले. चौथ्या अलर्काला मात्र राजाच्या आग्रहाखातर तिने राजधर्म शिकवला. अलर्क राज्यात आणि भोगात रमला, तेव्हा थोरल्या भावांपैकी सुबाहूने काशीराजाला हाताशी धरून त्याच्यावर स्वारी आणली. हरण्याच्या बेतात आलेला अलर्क दत्तात्रेयाकडे गेला. दत्तात्रेयाने त्याला योग सांगितला तो या अशा प्रसंगी, राज्य हातचे जात असताना.

या उपदेशात प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान हा ओळखीचा क्रम आहे. प्राणायाम तीन प्रतीचा : बारा मात्रांचा लघू, त्याच्या दुप्पट मध्यम, तिप्पट उत्तम. प्राण कसा वश होतो, तर सिंह, वाघ आणि हत्ती जसे राबता ठेवल्याने हळूहळू मऊ पडतात तसा. वाघाच्या मुलखात राहणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. घाई केली तर काय होते, हेही त्याला ठाऊक असते.

योग्याने गुरू कोणाला करावे? दत्तात्रेय अलर्काला रानातल्या गोष्टींकडे बघायला सांगतो. पशू, पक्षी आणि माणसे पाने-फुले-फळे ओरबाडत असलेले झाड. हरणाच्या डोक्यावर टिळ्याएवढे उगवून त्याच्यासोबतच वाढत जाणारे शिंग. इवल्याशा तोंडाने मातीचा ढीग रचणारा किडा. ही शेवटची उपमा गडचिरोलीच्या जंगलात पावलोपावली भेटते. सागाच्या बुंध्याशी कमरेएवढे वारूळ उभे असते. पावसाने त्याची एक बाजू ढासळली तर वाळवी त्याच जागी ओल्या मातीचा नवा थर चढवू लागते. पतंजलीने अभ्यास आणि वैराग्य हे दोन शब्द दिले; पुराणकाराने त्यातला पहिला डोळ्यांना दाखवला.

साधना पिकू लागली की अडथळेही येतात. पुराण ते पाच सांगते : प्रातिभ, श्रावण, दैव, भ्रम आणि आवर्त. न शिकलेल्या शास्त्रांचा अर्थ आपोआप कळू लागतो, दूरचे आवाज ऐकू येतात, देव दिसू लागतात. बाजारात ज्याला सिद्धी म्हणून मान मिळतो, ते इथे विघ्नांच्या यादीत आहे, आणि या उपदेशाचे खरे मोल इथेच आहे. आवर्त म्हणजे भोवरा. ज्ञानच पाण्यासारखे गरगरू लागते आणि मनाला बुडवते. पुरात वैनगंगेचा भोवरा वरून नुसता संथ फिरताना दिसतो; नावाडी त्याला लांबूनच वळसा घालतो.

शेवटी अलर्क राज्य द्यायला निघतो, पण सुबाहू ते घेत नाही. भावाला जागे करण्यासाठीच ती स्वारी होती. अलर्क मुलाला गादीवर बसवून वनात जातो.

याच मुलखाने उलट वाटही पाहिली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात साधना केली आणि मग ते गावांकडे वळले. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभा राहिला. १९५५ च्या ग्रामगीतेत त्यांनी गावालाच उपास्य मानले. पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना ही त्यांनी घालून दिलेली शिस्त. या झाडीपट्टीतल्या कित्येक गावांत आजही दिवेलागणीला सतरंजी पसरली जाते, शेतावरून आलेली माणसे हातपाय धुऊन ओळीने बसतात, आणि प्रार्थना संपल्यावरच खंजिरी वाजते.