कुर्बासची रंगभूमी आणि यंत्र



लेस कुर्बास या युक्रेनियन दिग्दर्शकाने १९२२ साली कीव्ह येथे ‘बेरेझील’ ही नाट्यसंस्था स्थापन केली, तेव्हा खेड्यातील झोपडी, गाणी आणि नृत्ये ही जुन्या युक्रेनियन नाटकाची ठरीव चौकट त्याला मोडावयाची होती. ती मोडण्याचे बळ त्याने कारखान्याकडून घेतले.

१९२३ मध्ये त्याने गेओर्ग कायझर या जर्मन नाटककाराचे ‘गॅस’ हे नाटक बसविले. यंत्राचा रंगविलेला देखावा त्याला नको होता. नटांचा समूहच तालबद्ध हालचालींनी यंत्र बनला. माणसांची शरीरे त्याचे सुटे भाग झाली. नेपथ्यकार वादिम मेलर याने या शरीरांना चढण्या-उतरण्यासाठी उघडी, भौमितिक बांधणी उभारली.

समाजवाद्यांनी लक्षात घ्यावा असा मुद्दा मात्र नाटकाच्या कथेत आहे. या कारखान्याचा नफा कामगारांत वाटला जातो. म्हणूनच ते ऊर फुटेस्तोवर राबतात. इंजिनिअरचे सूत्र गणिताने अचूक, तरीही स्फोट होतो. मालकाचा मुलगा ‘जमिनीकडे वळा’ म्हणतो. कामगार इंजिनिअरच्या मागून पुन्हा गॅस बनवावयास निघतात. मालकीचा प्रश्न काहीसा सुटला, पण यंत्राची गुलामी सुटली नाही! क्रांतीनंतर सहाच वर्षांनी हे दाखविणे सोपे नव्हते.

त्याच वर्षी अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीवरून आलेल्या ‘जिमी हिगिन्स’ मध्ये कुर्बासने चित्रपटाचा पडदाच रंगमंचावर आणला. अम्व्रोसी बुच्मा याने रंगविलेला अमेरिकन कामगार जिमी प्रेक्षकांसमोर उभा असे आणि त्याच्या मनात चाललेले पडद्यावर दिसे. नव्या तंत्राचा इतका मानवी उपयोग त्या काळी क्वचितच झाला असेल.

१९२६ मध्ये ‘बेरेझील’ तत्कालीन राजधानी खार्किव्ह येथे गेली. तेथे मिकोला कुलिश याच्या नाटकांतून नव्या सत्तेच्या भाषेचीही तपासणी होऊ लागली. पंचवार्षिक योजनेच्या राज्याला यंत्राची आरती हवी होती, शंका नको होती. १९३३ साली, युक्रेनमध्ये माणसे भुकेने मरत असता, कुर्बासला ‘राष्ट्रवादी’ ठरवून संस्थेतून काढण्यात आले आणि डिसेंबरात अटक झाली. ३ नोव्हेंबर १९३७ रोजी कुर्बास आणि कुलिश या दोघांनाही सांदारमोख येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्या जंगलातील सामूहिक कबरी १९९७ साली सापडल्या.