हुतुतूतील पकड : शिक्षण आणि सुरक्षितता



भातकापणी उरकली, की मालवणच्या किनारपट्टीवर संध्याकाळच्या वेळी हुतुतूचा, म्हणजेच आजच्या कबड्डीचा, दम ऐकू येऊ लागतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत स्थान मिळालेला हा खेळ. पण मुलाने त्याचे नाव काढताच आपल्यातील कित्येक सुशिक्षित घरांत ‘हातपाय मोडून घेशील’ असे त्यास बजावले जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. मात्र तिच्यावर उपाय आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्येही प्रतिपक्षाच्या गड्यास धरून पाडावे लागते. तेथे डोक्याच्या रक्षणासाठी कठीण शिरस्त्राण आले, तेव्हा खेळाडू निर्धास्तपणे डोकेच पुढे करून धडक मारू लागले, आणि मानेच्या दुखापतीने कायमचे पंगू होण्याचे प्रसंग ओढवले. १९७६ साली शाळा-महाविद्यालयांच्या खेळात अशी धडक नियमबाह्य ठरली व त्यानंतर हे प्रसंग पुष्कळ कमी झाले. आपल्या खेळात तर शिरस्त्राण नाहीच. तेव्हा योग्य पद्धतीवाचून आपणास दुसरा आधार नाही.

ही पद्धत पायांपासून सुरू होते. पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उभे राहावे. चढाई करणाऱ्याचे हात हुलकावण्या देतात, कंबर सहसा देत नाही. म्हणून नजर कंबरेकडे असावी. मांडी किंवा कंबर धरताना छाती त्याच्या अंगास भिडावी, मान वर राहावी, आणि डोके त्याच्या बाजूस जावे. त्याच्या गुडघ्यासमोर ते कधीही येऊ नये. बोटांत बोटे अडकवू नयेत, कारण झटका बसला की ती मोडतात. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरावे. घोटा धरला, तर तो आपल्याकडे ओढावा, पिळू नये; पिळण्याचा भार गुडघ्यावर येतो.

त्याआधी मुलांस पडावयास शिकवावे. हनुवटी छातीशी घ्यावी, हात ताठ टेकू नये आणि खांद्यावरून लोळण घ्यावी. ओहोटीनंतरची ओलसर वाळू यासाठी उत्तम. मात्र शिंपले, काचा व मासेमारीचे गळ आधी वेचून काढावेत. मग पकड प्रथम गुडघ्यांवर बसून, नंतर चालत्या गड्यावर आणि शेवटी धावत्या गड्यावर करावी. जोड्या वजनाने सारख्या असाव्यात. बारा वर्षांच्या मुलापुढे अठरा वर्षांचा गडी उभा करणे म्हणजे शिक्षण नव्हे.

साखळीने पकड करताना आपली रापण आठवावी. जाळ्याची दोन्ही टोके सारख्या वेगाने किनाऱ्याकडे येतात, तेव्हाच मासळी आत राहते. एका टोकाने घाई केली की ती निसटते. तसेच पहिल्याने घोटा धरताच बाकीच्यांनी एकदम मिटत यावे. एकटा गडी लोंबकळत राहिला, तर चढाई करणारा निसटतो आणि दुखापतही बहुधा त्या एकट्यासच होते.

नियमही या शिक्षणास अनुकूलच आहेत. नखे कापलेली हवीत. अंगास तेल चालत नाही. तोंड दाबणे, गळा आवळणे व पायांची कैची घालणे निषिद्ध आहे. पकड हातापायांची किंवा धडाची असावी. शिटी वाजताच हात सुटलेच पाहिजेत, आणि ही सवय पंचाने नव्हे, तर शिक्षकाने लावावयाची असते.

इतके करूनही अपघात घडू शकतो. डोक्यास मार लागून चक्कर, वांती किंवा विस्मरण झाले, तर त्या दिवशी मुलास पुन्हा मैदानात उतरवू नये, डॉक्टरांस दाखवावे. मानेस इजा झाल्याची शंका असल्यास त्यास उचलून बसवू नये, मदत येईपर्यंत आहे तसेच स्थिर ठेवावे. ‘पाणी मार, ऊठ, खेळ’ ही मर्दुमकी फार महाग पडते.

पालकांस एकच विनंती. एके संध्याकाळी मैदानावर जाऊन बघा : मुलांस आधी पडावयास शिकवितात काय, जोड्या सारख्या आहेत काय, आणि शिटीबरोबर पकड सुटते काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर मुलास खुशाल पाठवा. एखाद्याचेही नकारार्थी असेल, तर मुलास अडविण्यापूर्वी शिक्षकाशी बोला.